गाडीची ‘धडक’ की गाडीतून ‘पडून’? पंचनाम्यातल्या एका शब्दावर अडते आठ लाखांची भरपाई

पाचोरा तालुक्यातील परधाडे स्टेशनजवळ २२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी काय घडले, हे जळगाव जिल्ह्यात कोणाला नव्याने सांगायला नको. लखनौहून मुंबईकडे निघालेल्या पुष्पक एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि त्याच रुळावरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना चिरडले. किमान १२ जणांचा जीव गेला. त्यात नेपाळमधून पोट भरायला आलेले लोकही होते. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाखांची आणि रेल्वेने दीड लाखाची मदत जाहीर केली. चार दिवस बातम्या चालल्या, नंतर विषय मागे पडला.

परधाड्याची घटना मोठी होती म्हणून तिच्याकडे सगळ्यांचे लक्ष गेले. पण भुसावळ–मुंबई आणि भुसावळ–सुरत या दोन्ही मार्गांवर एकेकटा माणूस जातो तेव्हा ती बातमी तीन ओळींची असते. ‘रेल्वेच्या धडकेत इसमाचा मृत्यू.’ सुरत-उधन्याकडे कामाला निघालेला मजूर, भुसावळला कॉलेजला जाणारा विद्यार्थी, मुंबईहून सणाला घरी येणारा वॉचमन. गाडीला गर्दी असते, दारात जागा मिळते, हात सुटतो. घरचे येतात, मृतदेह ताब्यात घेतात, गावी अंत्यसंस्कार होतात. ‘नशिबात होतं’ म्हणून प्रकरण तिथेच मिटते.

यातल्या बऱ्याच घरांना एक गोष्ट कोणी सांगतच नाही. तिकीट काढून प्रवास करणारा माणूस चालत्या गाडीतून पडून गेला, तर त्याच्या वारसांना ८ लाख रुपये भरपाई मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. त्यासाठी रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मात्र मुदत एक वर्षाची आहे आणि दाव्याचा पाया पहिल्या दोन दिवसांतल्या कागदांवरच पडतो. नेमके तेव्हाच घरचे लोक शुद्धीत नसतात.

मदत वेगळी, भरपाई वेगळी

पहिला गोंधळ इथेच होतो. अपघातानंतर रेल्वे लगेच जी रक्कम देते ती सानुग्रह मदत. सप्टेंबर २०२३ मध्ये रेल्वे बोर्डाने या मदतीचे आकडे वाढवले. गाड्यांची टक्कर किंवा गाडी घसरण्यासारख्या अपघातात मृत्यू झाला तर ५ लाख, गंभीर जखमीला अडीच लाख, किरकोळ जखमीला ५० हजार. कायद्याच्या भाषेत ज्याला ‘अनुचित घटना’ म्हणतात, त्यात मृत्यूला दीड लाख, गंभीर जखमीला ५० हजार, किरकोळ जखमीला ५ हजार. परधाड्यात जाहीर झालेला दीड लाखाचा आकडा या दुसऱ्या रकान्यातला होता.

ही तातडीची मदत आहे. अंत्यविधी, दवाखाना, येण्याजाण्याचा खर्च यासाठी ती असते. कायद्याने मिळणारी भरपाई वेगळी. ती रेल्वेच्या ऑफिसात वाटली जात नाही, रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मागावी लागते. सानुग्रह मदत घेतली म्हणून भरपाईचा हक्क बुडत नाही. पण चेक हातात पडला की घरच्यांना वाटते, ‘झालं, मिळायचं ते मिळालं’. आठ लाखांचा विषय तिथेच संपतो.

कायदा काय म्हणतो

रेल्वे कायदा १९८९ सालचा. त्यातली दोन कलमे प्रवाशाच्या कामाची आहेत. कलम १२४ गाडीच्या अपघातासाठी, म्हणजे टक्कर, गाडी घसरणे वगैरे. कलम १२४-अ हे १९९४ साली जोडले गेले आणि ग्रामीण प्रवाशासाठी तेच जास्त महत्त्वाचे. ‘अनुचित घटना’ कशाला म्हणायचे ते कलम १२३ मध्ये दिले आहे. गाडीत किंवा स्टेशनच्या आवारात झालेला दहशतवादी हल्ला, मारहाण, दरोडा, लुटालूट, दंगल, गोळीबार, जाळपोळ हे त्यात येते. आणि प्रवासी गाडीतून प्रवासी अपघाताने खाली पडणे, हेही येते.

दोन्ही कलमांत तत्त्व एकच आहे. चूक कोणाची, हे पाहायचे नाही. गार्डने शिट्टी लवकर दिली का, ड्रायव्हरने झटका दिला का, दार खराब होते का, यातले काहीही वारसांना सिद्ध करावे लागत नाही. माणूस प्रवासी होता आणि तो अपघाताने पडला, एवढे पुरे.

मृत्यूची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ८ लाख आहे. त्याआधी ती ४ लाख होती. दोन्ही हात गेले, किंवा एक हात आणि एक पाय गेला, तरी पूर्ण ८ लाख. इतर जखमांसाठी नियमांत तक्ता आहे आणि त्याप्रमाणे रक्कम ठरते. या रकमेत माणसाची कमाई बघितली जात नाही. रस्ता अपघाताच्या दाव्यात पगार किती, वय किती, यावर आकडा ठरतो. इथे एसी डब्यातला व्यापारी आणि जनरल डब्यातला शेतमजूर यांच्या जीवाची किंमत कायद्याने एकच धरली आहे. ज्याची कमाई कागदावर दाखवता येत नाही त्या घराला हा मोठा आधार आहे.

भरपाई नाकारण्याची कारणेही कायद्यात मोजकीच दिली आहेत. आत्महत्या किंवा तसा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेले कृत्य, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. गाडीत हृदयविकाराचा झटका येऊन कोणी गेला तर या कलमाखाली दावा बसत नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली आला तरी बसत नाही, कारण तो गाडीतून पडलेला नसतो. विनातिकीट असेल तर तो कायद्याच्या व्याख्येत ‘प्रवासी’च ठरत नाही.

‘दारात उभा होता, त्याचीच चूक’

गावात हे वाक्य हमखास ऐकू येते. घरचे लोकही तेच म्हणतात, ‘कितीदा सांगितलं होतं दारात उभा राहू नको.’ न्यायाधिकरणात रेल्वेचा वकीलही जवळपास हेच म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा मुद्दा कधीच निकाली काढला आहे. २००८ साली केरळमधल्या एका प्रकरणात गाडीत चढताना पडून एका महिलेचा मृत्यू झाला होता. ती अजून आत गेलीच नव्हती, मग ‘गाडीतून पडणे’ कसे, असा रेल्वेचा सवाल होता. न्यायालयाने तो फेटाळला. हा लोकांच्या भल्यासाठी केलेला कायदा आहे, त्याचा अर्थ संकुचित करायचा नाही, चढताना पडणेही त्यात येते, असे सांगितले. २०१० साली जमीला खटल्यात माणूस डब्याच्या उघड्या दारात उभा होता. उच्च न्यायालयाने त्याचा निष्काळजीपणा धरून भरपाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा मंजूर केली. दारात उभे राहणे निष्काळजीपणाचे असेल, पण निष्काळजीपणा म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे, हा त्या निकालाचा गाभा.

मे २०१८ मध्ये भारत सरकार विरुद्ध रीना देवी या निकालाने हे सगळे एकत्र बांधले. चढता-उतरता झालेला अपघात अनुचित घटनाच आहे. ‘स्वतःहून करून घेतलेली इजा’ म्हणायची तर तसा हेतू दिसला पाहिजे, नुसती बेपर्वाई पुरत नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा–मुंब्रा दरम्यान दारात लटकलेले लोकलचे प्रवासी खाली पडले आणि चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला, तेव्हाही ‘लटकले कशाला’ ही चर्चा झालीच. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसताना माणूस दारात उभा राहतो तो हौसेने नाही, हे रोज प्रवास करणाऱ्याला कळते.

याचा अर्थ दारात लटकणे बरोबर आहे असा नाही. पायरीवर किंवा टपावर बसून प्रवास करणे हा याच कायद्यात दंडाचा गुन्हा आहे. पण दंड वेगळा आणि वारसांचा हक्क वेगळा. त्याच्या चुकीपायी बायकामुलांचा हक्क आपोआप बुडत नाही.

तिकीट सापडले नाही तर?

दुसरी मोठी अडचण तिकिटाची. जनरलचे तिकीट म्हणजे वरच्या खिशातला कागदाचा तुकडा. माणूस गाडीखाली गेला, कपडे फाटले, रात्रभर पाऊस पडला, मग तिकीट कुठून सापडणार? मोबाइलवर काढलेले असेल तर मोबाइलच चोरीला जातो किंवा फुटतो.

रीना देवी निकालात यावरही उत्तर आहे. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो विनातिकीट होता असे धरता येणार नाही. वारसांनी प्रतिज्ञापत्रावर माहिती द्यायची की, तो अमुक दिवशी, अमुक स्टेशनवरून, अमुक ठिकाणी जायला तिकीट काढून निघाला होता. त्यानंतर तो प्रवासी नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते. पण त्याच निकालाची दुसरी बाजूही आहे. रुळावर मृतदेह सापडला, एवढ्यानेही तो प्रवासी ठरत नाही. सुरुवातीचा पुरावा घरच्यांनीच द्यायचा आहे.

हा पुरावा लहानसहान गोष्टींत असतो. स्टेशनवर सोडायला कोण गेले होते? सोबत कोण होते? तिकिटाचे पैसे कोणाच्या फोनवरून गेले? निघताना केलेला फोन, व्हॉट्सअॅपवर टाकलेला ‘गाडीत बसलो’ हा मेसेज, कामाच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी हजर व्हायचे होते याचा पुरावा, बॅगेत सापडलेले कपडे आणि भाकरीचा डबा. रिझर्व्हेशन असेल तर पीएनआर. मासिक पास असेल तर त्याचा नंबर, तो ज्या खिडकीवर काढला तिथे नोंद असते. काउंटरच्या तिकिटाचीही रेल्वेच्या संगणकात नोंद असते. त्या दिवशी त्या वेळेत अमळनेरहून उधन्याची किती तिकिटे निघाली, हे माहितीच्या अधिकारात मागता येते. पण ते लवकर मागितले तर उपयोग.

एका शब्दाचा फरक

दाव्याचा सगळा भार शेवटी पंचनाम्यातल्या एका शब्दावर येतो.

समजा, चोपडा तालुक्यातला एक मजूर अमळनेरला गाडीत बसला आणि पुढे कुठेतरी रात्री दारातून पडला. पहाटे गँगमनला रुळाच्या कडेला मृतदेह दिसतो. तो स्टेशन मास्तरला कळवतो. स्टेशन मास्तर पोलिसांना मेमो देतो. मेमोत लिहिले जाते, ‘किलोमीटर अमुकजवळ एक इसम रेल्वेच्या धडकेने मृत.’ पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनाम्यात मेमोतलेच शब्द येतात. शवविच्छेदनाच्या कागदात डॉक्टर पोलिसांनी दिलेली माहिती उतरवतात. चार कागदांत एकच शब्द फिरतो, ‘धडक’. प्रत्यक्षात काय झाले ते कोणीच पाहिलेले नसते.

कागद लिहिणाऱ्यासाठी ‘धडक लागून’ आणि ‘गाडीतून पडून’ यात फारसा फरक नाही. माणूस मेला एवढेच त्याच्यापुढे असते. कायद्यात मात्र यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. धडक लागून म्हणजे तो रुळावर चालत होता, रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरला होता, मग भरपाई शून्य. गाडीतून पडून म्हणजे तो प्रवासी होता, आणि वारसांचा ८ लाखांचा दावा उभा राहतो. न्यायाधिकरणात रेल्वेकडून पुढे केला जाणारा नेहमीचा बचाव हाच असतो की, हा गाडीतून पडलेला नाही, रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला आहे.

या सगळ्याची चौकशी करते कोण? अनुचित घटनेच्या चौकशीसाठी नियम आहेत. रेल्वे सुरक्षा बल चौकशी करते आणि विभागीय रेल्वे व्यवस्थापकाच्या सहीने अहवाल न्यायाधिकरणापुढे येतो. म्हणजे ज्या रेल्वेकडून पैसे मागायचे, तिचाच अहवाल मुख्य कागद ठरतो. तो खोटा असतो असे नाही. पण घरच्यांची बाजू वेळेवर नोंदली गेली नसेल, तर अहवालात एकच बाजू राहते.

म्हणून मृतदेह ताब्यात घेताना दिलेला जबाब फार महत्त्वाचा. घरचा माणूस रडून थकलेला असतो, गाडी भाड्याने आणलेली असते, गावात लोक खोळंबलेले असतात. पोलीस विचारतात, कोणावर संशय आहे का? ‘नाही साहेब, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ सही होते. या वाक्याने भरपाईचा हक्क जात नाही, कारण या दाव्याला कोणाविरुद्ध तक्रार लागतच नाही. पण त्या जबाबात काय लिहिले नाही, ते पुढे नडते. तो कुठून कुठे निघाला होता, कोणत्या गाडीने, तिकीट कोणी काढले, सोबत सामान काय होते, हे त्याच जबाबात आले पाहिजे. आणि जे माहीत नाही ते अंदाजाने बोलू नये. ‘कधीमधी घ्यायचा’, ‘घरात थोडी कुरबुर झाली होती’ असे सहज निघालेले वाक्य दोन वर्षांनी न्यायाधिकरणात नशेचा किंवा आत्महत्येचा पुरावा म्हणून वाचले जाऊ शकते. खोटे सांगायचे नाहीच. पण ऐकीव आणि अंदाज हे सत्य म्हणून नोंदवायचेही नाही.

मृतदेहाजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी पंचनाम्यात असते. तिकीट, पास, बॅग, मोबाइल यातले काही सापडले असेल तर ते यादीत आले का, हे तिथल्या तिथे वाचून घ्यावे. वस्तू घरी आणल्या आणि यादीत नाव नाही, तर पुढे त्या वस्तूची किंमत कमी होते.

परधाड्याचा पेच

परधाड्यासारख्या प्रसंगात कायदा किती पुरतो, हा वेगळा प्रश्न आहे. तिथले लोक प्रवासी होते. पण ते गाडीतून ‘पडले’ नव्हते, थांबलेल्या गाडीतून उतरले होते, आणि मृत्यू दुसऱ्या गाडीने झाला. कायद्यातल्या शब्दांत हा प्रसंग सरळ बसत नाही. उतरल्यावर ते प्रवासी राहिले नाहीत, असे रेल्वे म्हणू शकते. उलट बाजूने असे म्हणता येते की, ते हौसेने उतरले नव्हते, आगीच्या भीतीने जीव वाचवायला उतरले होते, प्रवास संपलेला नव्हता, आणि सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सढळ हाताने लावायला सांगितले आहे.

रेल्वेने मदत जाहीर करताना स्वतःच अनुचित घटनेचा दीड लाखाचा दर लावला, ही बाबही वारसांच्या बाजूने मांडता येते. पण असे युक्तिवाद वकिलाच्या मदतीने, वेळेत दाखल केलेल्या अर्जातच मांडता येतात. अर्जच केला नाही तर कायद्याचा अर्थ सढळ असो की संकुचित, काही फरक पडत नाही.

एक वर्ष, आणि मुंबई नाहीतर नागपूर

रेल्वे दावा न्यायाधिकरण कायद्याप्रमाणे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. उशिराचे सबळ कारण दाखवले तर न्यायाधिकरण उशीर माफ करू शकते, पण तो त्यांचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. दहावे, तेरावे, मग शेतीची कामे, मग दिवाळी, यात वर्ष कधी सरते कळत नाही.

अर्ज कोणी करायचा, हेही ठरलेले आहे. पत्नी किंवा पती, मुलगे आणि मुली यांचा पहिला हक्क. मृत व्यक्ती अविवाहित किंवा अल्पवयीन असेल तर आई-वडील. लग्न झालेल्या मुलावर आई-वडील अवलंबून असतील तर त्यांचाही विचार होतो. त्याचप्रमाणे अवलंबून असलेली विधवा बहीण, विधवा सून, अल्पवयीन भाऊ यांचाही. गावाकडे सगळे कागद मोठा भाऊ किंवा चुलता सांभाळतो. तो धावपळ करू शकतो, पण दावेदार म्हणून नाव विधवेचे आणि मुलांचे हवे. तिला अंधारात ठेवून केलेला व्यवहार पुढे घरातच भांडण लावतो.

या अर्जाला कोर्ट फी लागत नाही. जिथून तिकीट काढले, जिथे घटना घडली किंवा जिथे उतरायचे होते, त्या भागाच्या पीठाकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्रात न्यायाधिकरणाची पीठे मुंबई आणि नागपूरला आहेत. न्यायाधिकरणाचा निकाल मान्य नसेल तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

मुंबई किंवा नागपूर हे अंतर रावेर-यावलच्या विधवेसाठी किती आहे, हे वेगळे सांगायला नको. तारखेला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत कोणी तरी लागते, राहायची सोय लागते. कायद्याने फी माफ केली, पण अंतर माफ केले नाही. याच फटीतून दलाल शिरतात. ‘काही खर्च नको, सह्या द्या, पैसे आले की अर्धे-अर्धे.’ पाटणा पीठातल्या दाव्यांत वकिलांनी वारसांच्या नावाने खाती उघडून, आधीच कोऱ्या चेकवर सह्या घेऊन भरपाईचे पैसे परस्पर काढल्याचे आरोप झाले आणि सीबीआय व ईडीपर्यंत चौकशी गेली. हे बिहारमध्ये झाले म्हणून आपल्याकडे होणार नाही असे समजायचे कारण नाही. भरपाईची रक्कम थेट वारसाच्या बँक खात्यात येते. त्यासाठी खाते गावाजवळच्या बँकेत, स्वतः जाऊन उघडलेले असावे. कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही करू नये. एटीएम कार्ड आणि पासबुक दुसऱ्याच्या हातात देऊ नये.

वकील परवडत नसेल तर दुसरा रस्ता आहे. तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्याकडे मोफत कायदेशीर मदत मिळते. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना ती मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा हेल्पलाइन क्रमांक. तालुक्याच्या कोर्टातच त्यांचे ऑफिस असते.

विमा ज्याला मिळतो तो, ज्याला गरज तो नाही

आयआरसीटीसीवरून तिकीट काढताना ४५ पैशांत प्रवासी विमा घेता येतो. मृत्यू झाला तर १० लाख, कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर १० लाख, अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत, दवाखान्याला २ लाखांपर्यंत. हा विमा कायद्याच्या भरपाईहून वेगळा आहे. घेतला असेल तर दोन्ही मागता येतात. वारसाचे नाव भरायची लिंक मोबाइलवर येते, ती भरायला विसरू नये.

पण हा विमा ऑनलाइन काढलेल्या, कन्फर्म किंवा आरएसी तिकिटालाच आहे. खिडकीवर रांगेत उभे राहून जनरलचे तिकीट काढणाऱ्याला तो घेताच येत नाही. म्हणजे दारात लटकण्याची वेळ ज्याच्यावर येते, नेमका तोच या विम्याच्या बाहेर आहे. त्याच्या घराला कलम १२४-अ हाच एक आधार उरतो.

पहिल्या आठवड्यात काय करायचे

घरातला शहाणा माणूस, पोलीस पाटील किंवा सरपंच यांनी एवढे केले तरी घराचा हक्क वाचतो.

स्टेशन मास्तरच्या मेमोची, पंचनाम्याची, घरच्यांच्या जबाबाची आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत मागून घ्यावी. मेमोत किंवा पंचनाम्यात ‘धडक’ लिहिले असेल आणि घरच्यांच्या माहितीप्रमाणे तो गाडीने प्रवास करत असेल, तर तसा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात आणि रेल्वे सुरक्षा बलाकडे देऊन पोच घ्यावी. सोबतच्या प्रवाशांची, स्टेशनवर सोडणाऱ्याची नावे आणि नंबर लिहून ठेवावेत. मृताचा मोबाइल फॉरमॅट करून दुसऱ्याला वापरायला देऊ नये, त्यातले मेसेज आणि पेमेंटची नोंद जपावी. मृत्यूचा दाखला, वारसांचे आधार आणि रेशन कार्ड, बँक पासबुक एका फाइलमध्ये ठेवावे. महिन्याच्या आत विधी सेवा समितीत जाऊन यावे. जखमी माणूस जिवंत असेल तर डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे आणि अपंगत्वाचा दाखला जपावा, कारण त्याचा दावाही याच कायद्यात आहे. प्रवासात कोणी पडलेले दिसले तर १३९ वर लगेच कळवावे. वेळेत मदत पोचली तर जीव वाचतो, आणि अमुक गाडीतून अमुक वेळी माणूस पडला याची नोंदही होते.

हे सगळे घरच्यांवर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही. लोहमार्ग पोलीस आणि तालुक्यांची पोलीस ठाणी यांच्याकडे रेल्वे हद्दीतल्या अकस्मात मृत्यूंची यादी असतेच. ती दर महिन्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेली आणि त्यांच्या स्वयंसेवकांनी त्या घरांपर्यंत एक फेरी मारली, तर यासाठी नवा कायदा करावा लागणार नाही, नवा निधीही लागणार नाही. स्टेशनवर दंडाचे फलक ठळक असतात. विनातिकीट प्रवास, रूळ ओलांडणे, साखळी ओढणे, सगळ्यांची कलमे आणि रकमा मराठीत लिहिलेल्या असतात. त्याच भिंतीवर कलम १२४-अ, ८ लाख आणि एक वर्षाची मुदत, एवढ्या तीन ओळी लिहायला रंगाचा एक डबा पुरेसा आहे. आमदार-खासदार रेल्वेकडे नव्या थांब्याची मागणी करतात, ती हवीच. त्या निवेदनात ही मागणीही घालता येईल.

जिल्ह्यातल्या किती घरांची एक वर्षाची मुदत आज चालू आहे आणि किती घरांना त्याचा पत्ताच नाही, हे पोलीस ठाण्यातल्या त्या यादीवरून एका दिवसात काढता येईल.